पांडुरंग पाठीशी आहे म्हणतात, मग मला का जाणवत नाही?

गिरणीवाली_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी इथे नुसती वाचायला येते, लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर समजून घ्या.

आमचं गाव सिन्नरच्या बाजूला. २०२१ च्या मे महिन्यात माझे मिस्टर कोरोनाने गेले, तेव्हा त्यांचं वय ३९. आधी साधा ताप होता, मग दम लागायला लागला, जिल्ह्याच्या गावी एका हॉस्पिटलात दोन दिवस फिरून बेड मिळाला आणि अकराव्या दिवशी फोन आला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रिक्षातून उतरताना, पाठमोरं. म्हणाले डबा पाठवू नको इथे देतात. बस. त्यानंतर काही नाही, तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

आमच्या घरात माळ आहे. सासऱ्यांनी (आम्ही त्यांना तात्या म्हणतो) तीस वर्षांच्या वर वारी केलीय, निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून चालत. पालखी आमच्या भागातून जाते, दातलीच्या रिंगणाला आम्ही सगळे ट्रॅक्टरमध्ये बसून जायचो, मिस्टर पोराला खांद्यावर घेऊन घोडा दाखवायचे. मी माहेरी एवढं काही करत नव्हते, इथे आल्यावर एकादशी धरायला लागले, हरिपाठ पाठ झाला, आणि खरंच सांगते, मला तेव्हा वाटायचं की तो आहे. दिवा लावताना, भाकरी थापताना, काही मोठं नाही पण घरात एक वडीलधारं माणूस बसलेलं असावं तसं.

ते आता वाटत नाही. चार वर्षं झाली. मिस्टरांची पिठाची गिरणी मी चालवते, मुलगा दहावीला आहे, सोसायटीचं कर्ज फिटत आलंय, म्हणजे तसं बघायला गेलं तर संसार चाललाय, लोक म्हणतात बाई खंबीर आहे. पण देवापुढे उभी राहिले की आत काहीच होत नाही. एकादशी अजून धरते, पण ती सवय आहे हे मला कळतं.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. त्या वर्षी वारी बंद होती, मानाच्या पालख्या एसटीने पंढरपूरला नेल्या. मुलाला जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि तात्या रोज सकाळी गळ्यात टाळ घालून आमच्या विहिरीभोवती, बांधावरून चालायचे. वारीचे जेवढे दिवस तेवढे दिवस. मी ओट्यावरून बघायची आणि मला एवढा संताप यायचा, की ज्याने पोरगं नेलं त्याच्यासाठीच हा माणूस चालतोय. तेव्हापासून आमच्यात या विषयावर बोलणंच नाही. कोणी भेटायला आलं की ते एवढंच म्हणतात, पांडुरंगाची इच्छा. आणि मी उठून आत जाते.

यावर्षी म्हणतायत सूनबाई तू चल, थोडं तरी चल. मी हो पण नाही म्हटलं आणि नाही पण नाही म्हटलं.

मला वादविवाद नकोय देव आहे की नाही त्याच्यावर. मला फक्त ज्यांच्यावर असं काही गुदरलंय त्यांना विचारायचंय की तुम्हाला तो परत जाणवला का, आणि कसा. की विश्वास म्हणजे न जाणवता पण धरून ठेवायचा असतो? खरं सांगा, बरं वाटावं म्हणून सांगू नका.

---

सागर_पाटील_०७

ताई वाईट वाटलं वाचून. पण एक सांगू का, देव ज्याच्यावर जास्त प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. प्रत्येकाचे प्रारब्धाचे भोग असतात ते भोगूनच संपवावे लागतात, त्यात देवाचा दोष नाही. तुम्ही नामस्मरण वाढवा, रोज ठरवून माळ जपा, नकारात्मक विचार मनात आणू नका, सगळं ठीक होईल. श्रद्धा आणि सबुरी ठेवा.

---

फलटणचा_म्हातारा

ताई, मी फलटणकडचा, वय ६८. माऊलींच्या पालखीत दिंडीबरोबर चालतो. तुमचं लिहिलेलं काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून पहाटे टाईप करतोय, मोबाईलवर सवय नाही तरी वाचून घ्या.

सागर, बाळा, तू चांगल्या मनानेच लिहिलंयस पण ही परीक्षेची गोष्ट दुःखातल्या माणसाला सांगू नये. माझा धाकटा सोळा वर्षांचा असताना विहिरीत बुडाला, पोहता येत होतं तरी. तेव्हा मला पण लोकांनी हेच सांगितलं, परीक्षा आहे म्हणून. मी म्हटलं परीक्षा माझी आणि मेला तो? हा कुठला न्याय? मी त्या दिवशी गळ्यातली माळ काढली आणि खिळ्याला अडकवली. तीन वर्षं तिथेच होती. वारीला गेलो नाही, पालखी आमच्या फलटणला मुक्कामाला असायची, सगळं गाव विमानतळावर तळ बघायला जायचं आणि मी शेतात मोटर चालू करून बसायचो, टाळाचा आवाज कानावर येऊ नये म्हणून.

आता तुम्ही विचारलंत परत कसा जाणवला. एकदम नाही जाणवला. आमच्या दिंडीचे विणेकरी होते, पंढरपूरहून परत आले की दरवर्षी माझ्या घरी यायचे, बुक्का आणि लाह्यांचा प्रसाद ठेवायचे, चहा घ्यायचे, शेताचं विचारायचे आणि जायचे. तीन वर्षं, एकदाही म्हणाले नाहीत की चल, एकदाही म्हणाले नाहीत की माळ घाल. चौथ्या वर्षी ते स्वतः थकले होते, मी त्यांना सोबत म्हणून निघालो, देवासाठी नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही आजपर्यंत.

तळावर रात्री भजन चालू होतं आणि करुणेचे अभंग लागले. ते अभंग मी लहानपणापासून म्हणत होतो, पाठ होते, पण त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. आपण वारकरी लोक तुकोबांचं नाव घेतो तेव्हा वैकुंठ, विमान असं बोलतो. पण त्या माणसावर काय गुदरलं ते बघा. १६०८ चा जन्म, सतरा-अठराचे असताना आईबाप गेले, थोरली भावजय गेली, मोठा भाऊ घर सोडून तीर्थाला निघून गेला. मग १६३० चा दुष्काळ. दुकान बुडालं, दिवाळं निघालं, महाजनकीचं घर होतं ते, गावात मान होता तो गेला. पहिली बायको अन्नावाचून गेली, लहान मुलगा गेला. स्वतः लिहून ठेवलंय त्यांनी, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. बघा ताई, ह्यात परीक्षा नाही, प्रारब्ध नाही, पांडुरंगाची इच्छा पण नाही. जे झालं ते झालं तसं लिहिलंय, लाज वाटते म्हणून लिहिलंय.

आणि दुसरं म्हणजे ते लगेच टाळ घेऊन उभे राहिले नाहीत. घर सोडून भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले, भंडाऱ्यावर जाऊन बसले. लोकांकडची येण्याची खतं, कर्जाचे कागद, त्यातला धाकट्या भावाचा हिस्सा त्याला देऊन आपला इंद्रायणीत सोडला असं परंपरेत सांगतात. म्हणजे आधी सगळं सुटलं, मग शांतता. आणि नंतरच्या अभंगांत सुद्धा विठ्ठलाला काय काय बोललेत! निष्ठुर म्हटलंय, तुझं माझं काही नातं उरलं नाही म्हटलंय. भांडण आहे अगदी घरच्यासारखं. मला त्या रात्री तळावर बसून एवढंच कळलं की मी तीन वर्षं जे मनात बोलत होतो ते सगळं गाथेत आधीच आहे. मी धर्म सोडून बाहेर पडलो नव्हतोच. मी आतच होतो, फक्त भांडत होतो. त्या रात्री रडलो, मुलगा गेल्यावर पहिल्यांदा.

तुम्ही विचारलंत की न जाणवता धरून ठेवायचं का. माझ्यापुरतं सांगतो, मी धरून ठेवलं नव्हतं, सोडलं होतं. पण माळ खिळ्याला अडकवली, विहिरीत टाकली नाही. का नाही टाकली ते मला आजपण सांगता येत नाही.

आणि तात्यांबद्दल. रागावू नका म्हणणार नाही, तुमचा राग खरा आहे. पण बाप माणूस विहिरीभोवती फिरतो तेव्हा तो काय म्हणत फिरत होता ते तुम्हाला माहीत नाही. एकदा विचारून बघा.

---

सिस्टर_शुभांगी

ताई, मी नर्स आहे. २०२० आणि २०२१ दोन्ही लाटांत कोविड वॉर्डात ड्युटी केली, तुमच्या जिल्ह्यात नाही, दुसऱ्या शहरात. तुमचे मिस्टर जिथे होते तिथलं मला काही माहीत नाही त्यामुळे मी खोटं काही सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलंत ना की पाठमोरं पाहिलं आणि त्यानंतर काही नाही, त्या "काही नाही"च्या आतमध्ये मी होते म्हणून लिहावंसं वाटलं.

पीपीई किट घातलं की सहा-सात तास पाणी नाही, बाथरूम नाही. चेहरे दिसायचे नाहीत म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहायचो, पेशंट त्या नावाने हाक मारायचे. वयस्कर बाया "ए पोरी" म्हणायच्या. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आम्ही घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून द्यायचो, जेवढे जमतील तेवढे, सगळ्यांचे नाही जमायचे, ते खरंय. ज्यांचे राहिले त्यांची तोंडं मला अजून आठवतात.

एक दादा होते, चाळिशीतले असतील, गळ्यात तुळशीची माळ. बायपॅप (श्वासाचं मशीन, तोंडावर मास्क) लावलेला त्यामुळे बोलता येत नव्हतं, हाताने खुणा करायचे. एका रात्री माझ्या फोनकडे बोट दाखवून टाळ वाजवल्यासारखं केलं. मला आधी कळेना, मग कळलं, मी हरिपाठ लावला आणि फोन उशीजवळ ठेवला. ऑक्सिजन सत्तरीत होता, तशातही ते बेडच्या दांड्यावर दोन बोटांनी ताल धरत होते. पहाटे चारच्या पुढे गेले. मी हात धरून होते, दोन-दोन हातमोजे होते माझे पण धरून होते. आमचा वॉर्डबॉय मुसलमान होता, तो पायाशी उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. नंतर आम्ही दोघांनी मिळून बॉडी बांधली आणि बांधायच्या आधी त्याने ती माळ नीट केली, सरकली होती ती. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. कोणी बघणार पण नव्हतं.

मी तेव्हा देवाला नमस्कार करणं सोडून दिलं होतं. घरी जाऊन देवघरासमोरून तशीच आंघोळीला जायचे. आई काही बोलायची नाही. देव कुठे होता असं मला कोणी विचारलं तर मला उत्तर येत नाही ताई, खरंच येत नाही. मी एवढंच पाहिलंय की त्या खोलीत ज्या वेळी कोणाचंच कोणी नव्हतं त्या वेळी माणूस माणसाची माळ सरळ करत होता, आणि तो जीव सोडताना ताल धरून होता. ते दृश्य मी कुठे ठेवू मला कळत नाही, म्हणून मी ते देवघरात ठेवलंय. आता रोज नमस्कार करते तेव्हा मूर्ती दिसते पण डोक्यात तो बेड नंबर असतो.

तुमच्या मिस्टरांजवळ कोणीतरी होतं असं मी शपथेवर नाही सांगू शकत. पण आम्ही चार जणी होतो आमच्या वॉर्डात, तशा सगळीकडे होत्या. आणि जे एकटे गेले असतील त्यांच्यासाठी मी आजही थांबते रोज दोन मिनिटं. तुमच्या मिस्टरांना पण त्यात धरलंय आजपासून.

---

मंगळवेढेकर

फलटणच्या काकांनी लिहिलं त्याला जोडून थोडं.

आमच्या मंगळवेढ्याचे चोखोबा. त्यांना तर देवळाचं दार पण नव्हतं. आयुष्यभर बाहेरून बघितलं, तरी विठोबाला सोडलं नाही आणि गप्पही बसले नाहीत, असाच जन्म द्यायचा होता तर जन्माला तरी का घातलंस असं सरळ विचारलंय त्यांनी. शेवटी गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून त्याखाली गेले. नामदेवांनी येऊन अस्थी पंढरपूरला नेल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, ती आजही आहे, म्हणजे मेल्यावरसुद्धा दाराबाहेरच. ते दार आमच्या लोकांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजी मे महिन्यात उपोषणाला बसले त्यानंतर. किती शतकं गेली मध्ये.

आमच्या घरात १९५६ नंतर बहुतेक सगळे धम्माच्या वाटेने गेले आणि ते बरोबरच केलं असं मी मानतो. आजी एकटी वारीला जायची. आजोबा तिला चिडून म्हणायचे ज्याने दारात घेतलं नाही त्याच्याकडे काय जातेस. ती म्हणायची दार बडव्यांचं होतं, तो आतून माझ्याकडेच बघत होता. मला तिचं म्हणणं पटत नाही, पण तिच्या तोंडाकडे बघितलं की वाद घालावासा वाटायचा नाही.

ताई, तुम्ही देवावर रागावलात म्हणजे नातं तुटलं असं समजू नका एवढंच म्हणायचं होतं. नातं नसतं तर राग कशाला आला असता.

---

नगरची_लेक

ताई, मी नगरची, ख्रिस्ती घरातली. इथे लिहावं की नाही असा विचार केला कारण तुमचा देव आणि माझा देव असं कोणी करेल. तुम्ही वाट बदलावी असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण प्रश्न माझापण हाच होता.

माझं सातव्या महिन्यात बाळ गेलं, दोन वेळा. पाळकसाहेब घरी आले, प्रार्थना केली, मंडळी आली, सगळे म्हणाले प्रभूची योजना असते. मी त्या दोन शब्दांना एवढी घाबरले की चर्चला गेले की मागच्या बाकावर बसायचे, कोणी योजना म्हणायच्या आत उठून जायचे. तुमचं तात्यांचं वाचलं तेव्हा तेच आठवलं.

मला आधार मिळाला तो पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जिथे लोक देवाशी तक्रार करतात तिथे. स्तोत्रं आहेत ना, त्यात कितीतरी स्तोत्रं नुसती रड आहेत. बहुतेकांच्या शेवटी काहीतरी आशेचं वळण येतं, पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे त्याच्या शेवटी काहीच नाही, ते अंधारातच संपतं. मला ते वाचून इतकं बरं वाटलं काय सांगू. म्हणजे हे पण शास्त्रात ठेवण्यासारखं कोणालातरी वाटलं. आणि त्यातच ईयोब आहे, ज्याचं घरदार, पोरंबाळं सगळं गेलं, त्याला त्याचे मित्र येऊन पाप, शिक्षा असं सगळं समजावतात, आणि शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो, ईयोबावर नाही, जो एवढं बोलला होता.

दुसरं, पंडिता रमाबाईंचं. लोकांना त्यांची विद्वत्ता माहीत असते आणि धर्मांतर माहीत असतं, पण मला त्यांचे सोसलेले दिवस आठवतात. सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले, मग मोठी बहीण. घरात सगळे कर्मठ भक्त, तीर्थं केली, दानं केली, उपास केले, आणि शेवटी खायला काही नाही. त्या आणि त्यांचा भाऊ पायी देशभर फिरत कलकत्त्यापर्यंत गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, लग्न झालं तर दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला, हातात लहान मुलगी. एवढ्या सगळ्यात त्यांचा पहिला विश्वास पार संपला होता, तो संपला हे त्यांनी कधी लपवलं नाही. मग पुढे जे मिळालं ते वेगळं. आणि १८९७ च्या सुमाराला परत दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेने मरणाऱ्या मुली, विधवा, शेकड्यांनी घेऊन आली, केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं. मी केडगावला गेलेय. मला तिथे सारखं वाटत होतं की ह्या बाईने स्वतःच्या आईला वाचवायला कोणी आलं नाही ते विसरलं नव्हतं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मनोरमा पण गेली, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या गेल्या. म्हणजे देवावर विश्वास ठेवला म्हणून दुःख यायचं थांबलं असं शेवटपर्यंत झालं नाही.

मला परत जाणवला का? कधीकधी. धरून ठेवता येत नाही, येतो आणि जातो. पण मागच्या बाकावरून आता मधल्या बाकावर आलेय.

---

सागर_पाटील_०७

काका आणि ताई, माझं चुकलं. मी लहान आहे, घरी असं काही झालेलं नाही अजून, आमच्याकडे असंच बोलतात म्हणून बोललो. सगळ्यांचं वाचून मला रात्री आईला फोन करावासा वाटला. ताई माफ करा.

---

गिरणीवाली_ताई

सागर, माफी कसली, तू माझ्या भावासारखा.

चार दिवस मी लिहिलं नाही कारण काय लिहू कळत नव्हतं. सगळ्यांचं दोन-दोन वेळा वाचलं. शुभांगीताई, तुमचं वाचून मी गिरणी बंद केली आणि मागच्या बाजूला पोत्यावर बसून राहिले. मिस्टरांच्या गळ्यात पण माळ होती. ती आम्हाला परत मिळाली नाही. मला चार वर्षं वाटायचं की कोणी ओढून टाकली असेल, कचऱ्यात गेली असेल. आता कोणीतरी नीट केली असेल असं वाटायला जागा तरी झाली. खरं काय ते कधीच कळणार नाही, पण जागा झाली.

काका, तुम्ही सांगितलंत म्हणून तात्यांना विचारलं. सोपं नव्हतं, दोन दिवस धीर होईना. परवा लाईट गेलेली, गिऱ्हाईक नव्हतं, ते डब्यांवरची नावं वाचत बसलेले. मी म्हटलं तात्या त्या वर्षी तुम्ही विहिरीभोवती फिरत होतात तेव्हा कुठले अभंग म्हणायचात. ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, पहिले नऊ दिवस एकही नाही म्हटला, नुसता चालत होतो, टाळ पण वाजवला नाही. मला हे आठवतच नव्हतं, मला तर टाळाचा आवाज आठवतो. मग म्हणाले घरात थांबलो असतो तर तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं आणि ते माझ्याच्याने होत नव्हतं. आणि पांडुरंगाची इच्छा का म्हणता सारखं, असं मी विचारलं, मला विचारायचंच होतं ते. तर म्हणाले मग लोकांना काय सांगू पोरी, माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

एवढंच. पण आम्ही दोघं चार वर्षांनी या विषयावर बोललो.

अजून एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. गिरणी चालू असली की मोठ्याने बोललं तरी बाहेर कोणाला ऐकू जात नाही. मी पहिल्या वर्षापासून तिथे खूप बोललेय त्याला, म्हणजे पांडुरंगाला, वाईट वाईट बोललेय. दगडाला टाकी लावायला माणूस मिळत नव्हता, पट्टा तुटायचा, बाजरीवर कोणी गहू टाकला की पीठ काळं आलं म्हणून बाया ओरडायच्या, आणि मी आत दळत दळत त्याला शिव्या द्यायची. मला वाटायचं मी पाप करतेय. काका म्हणतात तसं ते जर भांडण असेल तर मग मी चार वर्षं रोज त्याच्याशी बोलत होते की काय? देवघरात उभी राहिले की आत काही होत नाही हे खरंय, पण गिरणीत होतं. हे माझं मलाच आता लिहिताना कळतंय. जनाबाईचं जातं गोपाळपूरला आहे, लग्नानंतर आम्ही दोघं बघायला गेलो होतो, तिच्या जात्याला विठ्ठल हात लावायचा म्हणतात. माझ्या गिरणीला नाही लावला कधी, पट्टा मीच चढवते. पण ऐकत होता का काय माहीत.

नगरच्या ताई, तुमच्या दोन बाळांना माझा नमस्कार. अंधारात संपणारं स्तोत्र मी वाचणार आहे, कुठे मिळेल ते कळवा.

तात्यांना सांगितलंय की पंढरपूरपर्यंत नाही, पण दातलीच्या रिंगणापासून पुढे एक दिवस चालते. मुलगा पण येतो म्हणतोय, शाळेला एक दिवस दांडी. मला एवढं चालायची सवय नाही, दिवसभर उभी असते पण चालणं वेगळं. पायाला फोड येतात ते येऊ नयेत म्हणून वारीत काय करतात, कोणी सांगाल का?

---

फलटणचा_म्हातारा

रात्री तळपायाला खोबरेल तेल चोळून झोपा. नवी चप्पल घेऊ नका, रोजची जुनीच घाला. फोड आलाच तर फोडू नका, सुती फडकं बांधा आणि चाला. आणि तात्यांच्या पुढे चालू नका, मागे पण नको, शेजारी चाला.